मेन मेथड कशी लिहायची: जावा पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

"मावशी, एरर एकही नाहीये, पण प्रोग्रॅम चालतच नाहीये."

भाचीने लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. गॅस बंद केला, चष्मा लावला आणि दुसरीच ओळ पाहून हसू आलं. मेन म्हणजे जावाचा प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेथड, म्हणजे नाव दिलेला कामाचा तुकडा, आणि तिचा एम तिने मोठा लिहिला होता. बारा वर्षांपूर्वी इथेच, ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या एका शिकवणीत पीजीडीसीए हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करताना मीही हेच केलं होतं, आणि त्यापायी जेडीके (जावा कंपाइल करायचं आणि चालवायचं साहित्य) तीनदा काढून तीनदा परत टाकला होता. पडद्यावर "नॉट फाउंड" आलं म्हणजे काहीतरी इन्स्टॉल व्हायचं राहिलंय, अशी माझी खात्री होती. राहिलं काहीच नव्हतं. एक अक्षर चुकलं होतं.

आमचे सर म्हणायचे, "ये लाइन रट लो, समझ बाद में आ जाएगी।" मी रटली. समज यायला दोन वर्षं लागली, आणि आली तेव्हा वाटलं की हे पहिल्या दिवशी अर्ध्या तासात सांगता आलं असतं. तो अर्धा तास खाली लिहून काढलाय. नोकरीतून वेळ काढून शिकणारे, हिंदी माध्यमातून आलेले, पीजीडीसीए किंवा बीसीएच्या पहिल्या वर्षाला असलेले, कुणीही वाचा. आधीचं काही येत नसलं तरी चालेल.

एक सूचना. इथे कोडही मी देवनागरीतच लिहिलंय. टाइप करताना ते शब्द इंग्रजी अक्षरांतच करायचे आहेत. कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं लहान हे जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगितलंय. जावाला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक कळतो आणि त्या बाबतीत ती अजिबात दयामाया दाखवत नाही.

१. आधी एवढं जमवा

- जेडीके. नुसता जेआरई चालत नाही, कारण त्यात प्रोग्रॅम चालवायची सोय असते, कंपाइल करायची, म्हणजे लिहिलेलं जावाला चालवता येईल अशा रूपात बदलायची, नसते.
- नोटपॅड किंवा नोटपॅड प्लस प्लस. पहिले पंधरा दिवस एक्लिप्स, इंटेलिजे वगैरे कोड लिहायची मोठी सॉफ्टवेअर उघडू नका. ती मंडळी मेनची ओळ स्वतःच लिहून देतात, आणि मग ती ओळ तुमची कधीच होत नाही.
- काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल.
- एक वही. खरंच. एरर आली की तिचं पहिलं वाक्य आणि खाली कारण लिहून ठेवायचं. माझी वही अजून आहे, आता भाचीकडे.

जेडीके टाकून झालं की काळ्या खिडकीत दोन कमांड द्या: जावा, स्पेस, वजा-चिन्ह व्हर्शन, आणि जावासी, स्पेस, वजा-चिन्ह व्हर्शन. दोन्हींनी एकच आकडा दाखवायला हवा. १.८ दिसलं तर गोंधळू नका, ती जावा ८ च आहे. आकडा सांगायची जुनी पद्धत तशी होती. जावा ८ आली २०१४ साली, आणि कितीतरी लॅबमध्ये अजून तीच आहे. पहिलीने ८ सांगितलं आणि दुसरीने १७, तर मशीनवर दोन जावा आहेत. कंपाइल एकीने होईल, चालवायला जाईल दुसरी, आणि ती म्हणेल की फाइल ६१ नंबरची आहे, मला ५२ पर्यंतचंच कळतं. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. दोन कमांड, दोन वेगळी कामं

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

जावासी कंपायलर आहे. तो तुमची फाइल वाचतो, व्याकरण तपासतो आणि पॉइंट-क्लास (नावानंतर टिंब आणि क्लास हा शब्द असलेली) फाइल तयार करतो. जावा ही कमांड ती फाइल उचलते आणि चालवते. नवशिक्यांना वाटतं की दोघं एकच काम दोन टप्प्यांत करतात. तसं नाही. तुमच्या क्लासमध्ये (जावात सगळ्या मेथड ज्या चौकटीत लिहितात ती) मेन आहे की नाही, याच्याशी जावासीला काही देणंघेणं नसतं. मेन नसलेले हजारो क्लास असतात आणि त्यांत काही चूक नसते. मोठ्या एमची मेन ही जावासीच्या लेखी एक साधी, निर्दोष मेथड आहे, तिचं नाव गंगूबाई असतं तरी त्याने ती पास केली असती.

मेन शोधतो तो चालवणारा, म्हणजे जावा ही कमांड. तो बाहेरून येतो, त्याला एकच नाव आणि एकच ठेवण माहीत असते. ती दिसली तर आत शिरतो, नाहीतर दारातूनच परततो.

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याचंच बघा. गाडीने जाणाऱ्यांना उरवाई दरवाजा, पायी चढणाऱ्यांना ग्वाल्हेर दरवाजा. समजा एखाद्या पाहुण्याला तुम्ही फक्त उरवाईच सांगितलंय आणि तो दरवाजा त्याला मिळाला नाही, तर वर मानमंदिर महाल जसाच्या तसा उभा असूनही तो खालूनच परत जाणार. किल्ल्यात खोट नाही, दारात घोटाळा आहे.

म्हणून "एरर एकही नाही, पण चालत नाही" हे वाक्य ऐकलं की समजायचं: जावासी खूश आहे, जावा नाराज आहे. चूक शोधायची ती मेनच्या ओळीत किंवा चालवायच्या कमांडमध्ये. बाकीच्या दोनशे ओळींना हात लावू नका.

३. ओळ एकदा पूर्ण लिहा

फाइलचं नाव वर्गणी, पुढे पॉइंट-जावा. आत:

    पब्लिक क्लास वर्गणी {
        पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन(स्ट्रिंग[] आर्ग्ज) {
            सिस्टीम.आउट.प्रिंटएलएन("गणपती बाप्पा मोरया");
        }
    }

मोठी अक्षरं फक्त तीन ठिकाणी: वर्गणीचा व्ही, स्ट्रिंगचा एस, सिस्टीमचा एस. बाकी सगळं लहान. प्रिंटएलएन म्हणजे प्रिंटला चिकटून एल आणि एन. बरेचजण एलच्या जागी आय टाइप करतात, कारण पुस्तकातल्या छपाईत दोन्ही सारखेच दिसतात. तो एल आहे, लाइनचा.

क्लासचं नाव आणि फाइलचं नाव एकच हवं, अक्षराअक्षराने. क्लासच्या आधी पब्लिक असेल तर हा नियम जावासी स्वतः तपासतो आणि तिथेच अडवतो. विंडोजवर आणखी एक खोडी असते: नोटपॅडने फाइल साठवताना शेवटी गुपचूप पॉइंट-टीएक्सटी लावलेलं असतं आणि विंडोज ते दाखवत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर खूण करा, म्हणजे खरं नाव दिसेल.

क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं का? येतं. जावा नावांसाठी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींचा एकत्र अक्षरतक्ता, मानते, त्यामुळे क्लास वर्गणी असं शब्दशः मराठीत लिहिलं तरी चालतं. कीवर्ड (पब्लिक, क्लास असे जावाचे ठरलेले शब्द) आणि मेन मात्र इंग्रजीतच. पण जावा १८ च्या आधी विंडोजवर जावासी फाइल विंडोजच्या जुन्या लिपी-तक्त्याने वाचायचा, त्यामुळे त्याला यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) वापर असं वेगळं सांगावं लागायचं. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरलं जातं. तरी काळ्या खिडकीत "गणपती बाप्पा मोरया" च्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात. ती खिडकीची अडचण आहे, मेनची नाही. सुरुवातीला क्लासची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि पहिला संदेशही, हौस नंतर.

४. एकेक शब्द, आणि तो कशासाठी

प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: बाहेरून येणाऱ्याला याचा काय उपयोग?

पब्लिक. चालवणारा तुमच्या क्लासच्या बाहेरचा आहे. बाहेरच्याने हाक मारायची तर मेथड उघडी हवी. प्रायव्हेट लिहिलंत किंवा काहीच लिहिलं नाहीत, तर जुन्या जावांना ती दिसतच नाही.

स्टॅटिक. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात तो हा शब्द. एरवी मेथड वापरायची तर आधी त्या क्लासचा ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या नमुन्यावरून एक प्रत्यक्ष वस्तू, बनवावा लागतो. पण प्रोग्रॅम अजून सुरूच झालेला नाही, मग ऑब्जेक्ट बनवणार कोण? आणि बनवायचाच तर कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ऑब्जेक्ट उभा करणाऱ्या तुकड्याला, काय काय द्यायचं? तुमच्या क्लासला नाव लागेल, शेजारणीच्या क्लासला तारीख लागेल. चालवणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. स्टॅटिक मेथड ही ऑब्जेक्टची नसते, क्लासची असते. क्लास लोड झाला की ती हाक मारायला तयार. परीक्षकांना एवढं नीट सांगितलंत तर पुढचा प्रश्न ते सहसा विचारत नाहीत.

व्हॉइड. मेन काही परत देत नाही. सी या भाषेतून आलेले लोक इथे इंट (पूर्ण आकडा) लिहितात, कारण सी मध्ये मेन आकडा परत देते आणि तो ऑपरेटिंग सिस्टीमला मिळतो. जावात तशी सोय मेनमधून नाही. प्रोग्रॅम फसला हे बाहेर कळवायचं असेल तर सिस्टीम.एक्झिट आणि कंसात आकडा. ० म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. सिस्टीम.एक्झिट न लिहिताही, मेनमधून एखादी एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) न पकडता बाहेर पडली तर १ हा आकडा जातो. पहिल्या सहा महिन्यांत याची गरज पडणार नाही, पण रात्री आपोआप चालणारी कामं लावायला लागलात की पडेल.

मेन. लहान एम. झालं.

स्ट्रिंग[] आर्ग्ज. यासाठी वेगळा भाग, खाली.

क्रमाबद्दल: पब्लिक आणि स्टॅटिक यांची अदलाबदल चालते. व्हॉइड मात्र मेनला लागूनच हवा. आर्ग्ज हे नाव काहीही ठेवा. चौकोनी कंस स्ट्रिंगपाशी ठेवा किंवा आर्ग्जपाशी. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासून चौकोनी कंसाऐवजी तीन टिंबंही चालतात. पण कंसही नाहीत आणि टिंबंही नाहीत, नुसतंच स्ट्रिंग आर्ग्ज, असं लिहिलंत की जावासी खूश, जावा नाराज. ही चूक डोळ्याला चटकन दिसत नाही, माझी एक अख्खी दुपार तिने खाल्ली आहे.

जुन्या प्रश्नसंचांत "मेन न लिहिता प्रोग्रॅम चालवून दाखवा" असा एक प्रश्न सापडेल. स्टॅटिक ब्लॉकमध्ये, म्हणजे क्लास लोड होतानाच चालणाऱ्या तुकड्यात, छापायचं आणि तिथेच बाहेर पडायचं, अशी ती चलाखी होती. जावा ६ पर्यंत चालायची. २०११ मध्ये जावा ७ ने ती वाट बंद केली. पाठ करण्यात वेळ घालवू नका.

५. आर्ग्ज आणि शून्याची गोष्ट

प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे तुम्ही जे शब्द लिहाल ते सगळे या रांगेत येऊन बसतात:

    जावा वर्गणी २५१ ५०१

इथे आर्ग्ज[०] म्हणजे २५१ आणि आर्ग्ज[१] म्हणजे ५०१. मोजणी शून्यापासून. सी आणि सी प्लस प्लसमध्ये पहिल्या जागी प्रोग्रॅमचं नावच येतं, जावात येत नाही. तिकडून आलेले हटकून एका घराने चुकतात.

शून्यापासून का, म्हणून भाची वैतागली तेव्हा मी तिला रविवारी सकाळी ग्वाल्हेर दरवाजाने किल्ला चढायला लावला. वाटेत खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. आत विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख. देवळाच्या बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा, असा त्यात हिशोब आहे. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच लहान वर्तुळ आहे. आकड्यांत स्थान राखणाऱ्या शून्याचे जे जुने कोरीव पुरावे आज दिसतात त्यांतला हा एक. तिने बोटाने वर्तुळ दाखवलं आणि म्हणाली, "पण मावशी, इथे शेवटी आहे. तुझ्या जावात सुरुवातीला आहे." बरोबर आहे. रांगेतला आकडा "पहिल्या घरापासून किती घरं पुढे" हे सांगतो, आणि पहिल्या घरासाठी पुढे जायचंच नसतं.

काहीच न लिहिता प्रोग्रॅम चालवला तर रांग रिकामी असते. नल, म्हणजे रांगच नाही, असं नव्हे; रांग आहे पण रिकामी, लांबी ०. तरीही आर्ग्ज[०] मागितलंत तर एरर येते, आणि नव्या जावात तिचं वाक्य साधारण असं: इंडेक्स ० आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ०. दोन्ही शून्यं एकाच ओळीत, आणि दोघांचे अर्थ निराळे. पहिलं म्हणजे तुम्ही मागितलेलं घर, दुसरं म्हणजे एकूण घरं. म्हणून आधी आर्ग्ज.लेंग्थ तपासा, मग हात घाला.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. रांग स्ट्रिंगची आहे, आकड्यांची नाही. भाचीने वर्गणीची बेरीज अशी केली:

    सिस्टीम.आउट.प्रिंटएलएन(आर्ग्ज[०] + आर्ग्ज[१]);

उत्तर आलं २५१५०१. मंडळाच्या खजिनदारांना हे उत्तर आवडलं असतं. अधिक चिन्हाने दोन शब्द जोडले, आकडे मिळवले नाहीत. बेरीज हवी तर:

    इंट अ = इंटिजर.पार्सइंट(आर्ग्ज[०]);
    इंट ब = इंटिजर.पार्सइंट(आर्ग्ज[१]);
    सिस्टीम.आउट.प्रिंटएलएन(अ + ब);

आता ७५२. पार्सइंटमध्ये पी लहान, आय मोठा. इंटिजरचा आय मोठा. आणि २५१/- असं पावतीसारखं लिहिलंत तर नंबर फॉरमॅट एक्सेप्शन येईल, त्याला फक्त अंक हवेत, सुरुवातीला फार तर उणे-अधिकचं चिन्ह.

मला स्वतःला गंमत वाटली ती याची: पार्सइंटला देवनागरी अंकही कळतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये २५१ मराठी अंकांत लिहून दिलं तरी तो बरोबर बेरीज करतो. प्रोग्रॅमच्या आत मात्र, इंट अ = पुढे देवनागरी अंक लिहिलात तर जावासी अडवतो. विंडोजवर हे अंक प्रोग्रॅमपर्यंत पोचायच्या आधीच प्रश्नचिन्हं होऊ शकतात, तेव्हा तिथे परीक्षेच्या दिवशी प्रयोग नको.

शब्दांत स्पेस असेल तर अवतरणात ठेवा. जनकगंज गल्ली असं नुसतं लिहिलंत तर ती दोन घरांत जाऊन बसते; "जनकगंज गल्ली" लिहिलंत तर एका.

६. मेनमधून दुसरी मेथड बोलवताना

पहिला आठवडा सरतो, तुम्ही दुसरी मेथड लिहिता, आणि जावासी म्हणतो की नॉन-स्टॅटिक मेथडला स्टॅटिक जागेतून हाक मारता येत नाही. आपण सगळे इथे एकच करतो: त्या मेथडलाही स्टॅटिक लावतो. एरर जाते. मग व्हेरिएबलवर तीच एरर. त्यालाही स्टॅटिक. महिन्याभरात अख्खा क्लास स्टॅटिक होतो.

मी हे जवळजवळ वर्षभर केलं. मग एका कापड दुकानाच्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये दोन काउंटर जोडायची वेळ आली आणि एका काउंटरवरच्या बिलाची रक्कम दुसऱ्यावर दिसायला लागली. साहजिकच होतं. स्टॅटिक गोष्ट क्लासची असते, सगळ्यांत मिळून एकच. दोन काउंटर, गल्ला एक. त्या दिवशी दुकानाच्या मालकांनी मला चहा पाजला, पण तोंडाने काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

योग्य मार्ग एका ओळीचा आहे. मेनमध्ये आल्यावर पहिल्यांदा ऑब्जेक्ट बनवा आणि काम त्याच्यावर सोपवा:

    पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन(स्ट्रिंग[] आर्ग्ज) {
        वर्गणी मंडळ = न्यू वर्गणी();
        मंडळ.सुरू(आर्ग्ज);
    }

सुरू ही साधी, स्टॅटिक नसलेली मेथड. यापुढचं सगळं तिथून. मेन जितकी लहान तितकी बरी. माझ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आता ती पाच-सहा ओळींच्या वर जात नाही. मेनमध्येच दीडशे ओळी कोंबलेला कोड दिसला की समजावं, लिहिणाऱ्याला स्टॅटिकची भीती अजून आहे.

मेन संपली म्हणजे प्रोग्रॅम संपलाच असं नाही, तेही इथेच सांगते. मागे एखादा थ्रेड (सोबतीने चाललेलं दुसरं काम) चालू असेल आणि तो डेमन (ज्याच्यासाठी जावा थांबत नाही असा) नसेल, तर तो संपेपर्यंत जावा थांबून राहते. खिडकी असलेला प्रोग्रॅम मेन संपल्यावरही उघडा राहतो तो यामुळे.

७. चालवताना पाय घसरतो त्या जागा

मेन नॉट फाउंड इन क्लास. मेनच्या ओळीत काहीतरी चुकलंय. हा संदेश पूर्ण वाचा. पुढे लिहिलेलं असतं की मेन अशी अशी लिहा, आणि ती संपूर्ण बरोबर ओळच दिलेली असते! तीनदा जेडीके टाकताना मी पहिल्या चार शब्दांपुढे वाचलंच नव्हतं. त्याच्याही पुढे जावाएफएक्सचा उल्लेख येतो, तो सोडून द्या.

मेन इज नॉट स्टॅटिक. संदेशातच उत्तर आहे.

कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास. हा दिसायला वरच्यासारखा, पण रोग वेगळा. इथे मेन नाही, क्लासच सापडलेला नाही. बहुतेक वेळा कारण असं की जावा वर्गणी ऐवजी जावा वर्गणी-पॉइंट-क्लास लिहिलंय. चालवताना क्लासचं नाव सांगायचं असतं, फाइलचं नाही. किंवा तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये उभे आहात. विंडोजवर नाव लहान अक्षरांत लिहिलंत तर फाइल सापडते, पण आतलं नाव जुळत नाही म्हणून तो "राँग नेम" असं कुरकुरतो.

फाइलच्या डोक्यावर पॅकेजची, म्हणजे क्लासच्या गटाच्या नावाची, ओळ असेल तर आणखी एक. समजा पॅकेज मंडळ आहे. मग फाइल मंडळ नावाच्या फोल्डरमध्ये हवी, तुम्ही त्या फोल्डरच्या बाहेर उभं राहायचं आणि जावा मंडळ.वर्गणी अशी हाक मारायची. आत जाऊन जावा वर्गणी म्हटलंत तर चालणार नाही. सुरुवातीला पॅकेज काढूनच टाका.

जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, एकाच फाइलचा प्रोग्रॅम असेल तर जावा वर्गणी-पॉइंट-जावा असं लिहून कंपाइल न करताच चालवता येतो. सोयीचं आहे, पण दोन कमांडमधला फरक डोक्यात पक्का होईपर्यंत वापरू नका असं माझं मत.

एका प्रोग्रॅममध्ये चार क्लास असतील आणि चौघांत मेन असेल तरी हरकत नाही. ज्याचं नाव घ्याल त्याची चालेल. एकाच क्लासमध्ये मेन नावाच्या दोन मेथडही चालतात, एक स्ट्रिंगची रांग घेणारी आणि एक, समजा, इंट घेणारी. चालवणारा स्ट्रिंगवालीच उचलतो. दुसरीला तुम्ही हाक मारली तरच ती चालते.

८. सी शार्पकडून येणाऱ्यांसाठी, किंवा तिकडे जाणाऱ्यांसाठी

भाचीने मोठा एम लिहिला त्याचं मूळ इथे होतं. शाळेत तिला सी शार्प ही दुसरी भाषा थोडी शिकवली होती, आणि तिथे मेनचा एम मोठाच असतो. स्टॅटिक तिथेही हवं, कारण तेच. पब्लिक मात्र लागत नाही. परत काही द्यायचं नसेल तर व्हॉइड, आकडा द्यायचा तर इंट, दोन्ही चालतात. आर्ग्ज नको असेल तर कंस रिकामा ठेवा.

मोठा फरक तपासणाऱ्याचा आहे. सी शार्पमध्ये मेन नसेल तर कंपायलरच ओरडतो, सीएस ५००१ या नंबरने. दोन क्लासमध्ये मेन असेल तर सीएस ००१७, आणि कुठली घ्यायची ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. जावा चालवताना विचारते, सी शार्प बांधतानाच. त्यामुळे "एरर नाही पण चालत नाही" हा प्रकार तिकडे कमी, आणि तिकडून आलेल्यांचा जावात गोंधळ जास्त.

२०२० च्या सी शार्प ९ पासून एका फाइलमध्ये मेन न लिहिता थेट कामाच्या ओळी लिहिता येतात, आणि नवा कन्सोल प्रोजेक्ट उघडला की मेन दिसतच नाही. ती गेलेली नसते, कंपायलर पडद्यामागे बनवतो.

९. जावा २५ मधली छोटी मेन

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ ने अशीच एक सवलत जावातही पक्की केली, फक्त इथे मेन लिहावीच लागते. २१ ते २४ अशा चार आवृत्त्या ती चाचणीवर होती. आता एवढंही पुरतं:

    व्हॉइड मेन() {
        आयओ.प्रिंटएलएन("गणपती बाप्पा मोरया");
    }

आय आणि ओ दोन्ही मोठे. क्लास नाही, पब्लिक नाही, स्टॅटिक नाही, आर्ग्ज नाही. चौथ्या भागात मी जे सांगितलं ते खोटं ठरलं का? नाही. ऑब्जेक्ट कोण बनवणार, हा प्रश्न होताच; आता चालवणारा म्हणतो, मी बनवतो. अट एकच: क्लासला काहीही न मागणारा कन्स्ट्रक्टर हवा आणि तो प्रायव्हेट नको. मेनही प्रायव्हेट चालत नाही. आधी तो स्ट्रिंगची रांग घेणारी मेन शोधतो, ती नसेल तर रिकाम्या कंसाची. मोठा एम अजूनही चालत नाही.

घरी शिकायला हे फार छान आहे, पहिल्या दिवशी घाबरायला होत नाही. पण लॅबच्या मशीनवर जावा ८ असेल तर तिथे हीच फाइल कंपाइलसुद्धा होणार नाही. भाचीला मी दोन्ही लिहायला लावते: घरी छोटी, आणि प्रॅक्टिकलच्या वहीत पूर्ण ओळ, पब्लिकपासून आर्ग्जपर्यंत. लॅबमध्ये बसल्या बसल्या पहिली कमांड व्हर्शनची, मग पुढचं टायपिंग.